उतारावर सीट कुठे असावी

नागाव, ता. अलिबाग
रविवार

चि. निखिल यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तू माउंटन बाइकला ड्रॉपर, म्हणजे कळ दाबून वरखाली होणारी सीटची दांडी, बसवायचा म्हणतोस, हे ताईकडून कळलं. "सीट वरखाली करायला कसले ₹१४,०००! तू तरी सांग त्याला काहीतरी," म्हणाली. वकीलपत्र तिचं आहे, पण मी सगळं तिच्या बाजूने बोलेन असं धरून चालू नकोस.

आधी चढाचं बघू. टाच पॅडलवर ठेवून पॅडल तळाला नेलं की पाय सरळ व्हावा, इतकी सीट उंच हवी. खाली ठेवून वेताळ टेकडी चढत राहशील तर महिन्याभरात गुडघे कुरकुरायला लागतील. उताराला मात्र हीच उंची नडते. दगडगोट्यांच्या उतारावर सीटवर बसायचंच नसतं. पॅडलवर उभं राहायचं, गुडघे-कोपरं सैल सोडायची आणि बूड मागे-खाली न्यायचं. सीट वर असली की ती नेमकी मध्ये येते, अंग उंचावरच राहतं. मग पुढचा ब्रेक जरा जास्त दाबला गेला की मागचं चाक हवेत आणि आपण हँडलवरून पुढे.

हे ज्ञान मला सागरगडाच्या बाजूच्या एका पायवाटेने दिलं. आम्ही चौघं होतो. माझ्या सायकलला चिमट्याची सीट होती, खटका उघडला की दोन सेकंदात खाली. वर पोचल्यावर ती खाली करायची हे मला पक्कं ठाऊक होतं. पण बाकीचे तिघं थांबले नाहीत. आता कुठे उतरा, म्हटलं, आणि तसाच निघालो. पहिली दोन वळणं निभावली. तिसऱ्याला पाण्याने कापलेली घळ होती, चड्डी सीटच्या टोकाला अडकली आणि मी करवंदीच्या जाळीत. डावं मनगट अजून पाऊस यायच्या आधी सांगतं.

म्हणून ड्रॉपरचं खरं काम कुठलं म्हणशील, तर आपला थांबायचा कंटाळा गृहीत धरणं. सीट चिमट्यानेही खाली जाते, पण त्यासाठी उतरावं लागतं, परत वर घेताना नाक सरळ आहे का ते बघावं लागतं, आणि दर दहा मिनिटांनी हे कुणीही करत नाही, मी तर नाहीच. ड्रॉपरला हँडलवरची कळ दाबून सीटवर भार टाकला की ती खाली बसते. भार काढून पुन्हा कळ दाबली की आतल्या दाबाने वर येते, आणि कळ सोडशील तिथे थांबते. मात्र उतार लागायच्या आधीच खाली घ्यायची, उतारात शिरल्यावर कळ शोधत बसायचं नाही.

ताईला वाटतं तसं हे आजचं फॅडही नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत जो ब्रीझ आणि जॉश अँजेल यांनी 'हाइट राइट' नावाची साधी स्प्रिंग काढली. चिमटा उघडून बसलं की सीट खाली आणि उठलं की स्प्रिंगने वर. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीही लोकांना थांबायचा कंटाळाच होता! आणि २०२२ च्या मिलान–सान रेमो शर्यतीत, जी चक्क डांबरी रस्त्यावरची, मातेय मोहोरिच ड्रॉपर लावलेली सायकल घेऊन पोज्जिओच्या उतारावरून असा सुटला की पुढे शर्यत त्यानेच जिंकली.

आता तुझं बघू. तू रविवारी सिंहगडाला जातोस त्याला ड्रॉपरची काही गरज नाही. एक लांब चढ, एक लांब उतार, तोही डांबरी. टेकडीवर मात्र दोन मिनिटं चढ, एक मिनिट उतार, पुन्हा चढ, असं असतं. तिथे तो पैसे वसूल करतो. पुढचे चार रविवार टेकडीवर एक काम कर: सीट खाली हवी होती आणि थांबायचा कंटाळा केला, असं किती वेळा झालं ते मोज. एका फेरीत दोन-तीनदाच झालं तर चिमटा पुरे. दहाच्या वर गेलं तर घे, ताईला मी बघतो.

पण त्याआधी टायर बदल. गेल्या वेळी आलास तेव्हा मागच्या टायरची नक्षी गुळगुळीत झाली होती, आणि ब्रेकची केबल कव्हरात अडकत होती. ज्या सायकलला थांबता येत नाही तिची सीट खाली घेऊन काय करणार? टायर, ब्रेक आणि मग उरले तर ड्रॉपर, हा क्रम मोडू नकोस.

आणि घेतलास तर एक नागावची गोष्ट. ओहोटीला इथली वाळू टणक होते, सुरूच्या बनाकडून अक्षीपर्यंत सायकल पळवायला तुला आवडतं. ड्रॉपर लावून ते नको. खारी हवा काय करते ते माझ्या सायकलच्या दुकानात रोज बघतो. परवा एकाची साधी ॲल्युमिनियमची दांडी लोखंडी फ्रेममध्ये अशी धरली होती की रात्रभर रॉकेल ओतून ठेवलं, सकाळी पाइपपान्याने पिळली, तेव्हा पांढरी भुकटी सोडत इंच-इंच बाहेर आली. तुझ्या ड्रॉपरच्या चकचकीत दांड्यावर वाळूचा एक कण सीलखाली गेला की रेघ पडते, मग दाब धरत नाही. वाडीतल्या विहिरीच्या गोड्या पाण्याने धुऊन, कापडाने पुसून ठेवायची सवय लागणार असेल तरच इकडे आण. आणि सीट खाली असताना सायकल सीटला धरून उचलू किंवा टांगू नकोस. काही ड्रॉपरांमध्ये त्याने आत हवा शिरते आणि सीट स्पंजासारखी डुलायला लागते.

शेवटचं, दुकानात जायच्या आधी आत्ताची सीटची दांडी पूर्ण बाहेर काढ. खालच्या टोकाजवळ आकडा कोरलेला असेल: २७.२, ३०.९ किंवा ३१.६. तो मिलिमीटरमध्ये व्यास आहे. २७.२ निघाला तर निवड थोडी आणि सीटही कमीच खाली जाते, म्हणून तो मला आधी कळव, विकत नंतर घे. डाव्या बाजूला पुढच्या गिअरची कळ आहे का तेही बघ, कारण ड्रॉपरच्या कळीला तीच जागा लागते.

मामी म्हणते, येताना दोन दिवस जास्तीचे काढून ये.

तुझा
मामा