वाळवंटातील कासवांची राखीव भूमी

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मोहावी नावाचे वाळवंट आहे. तेथील भूकासव आयुष्याचा बहुतेक काळ स्वतः खणलेल्या बिळात घालविते. पावसाळी प्यालेले पाणी ते मूत्राशयात दीर्घकाळ साठवून ठेवते. कोणी कौतुकाने उचलले, तर भयाने ते हे पाणी टाकून देते आणि पुढे तहानेने मरूही शकते. शिक्षकांनी मुलांना हे आवर्जून सांगावे.

मेंढ्यांचे कळप व मोटारसायकली यांखाली ही बिळे तुडविली जाऊ लागली. तेव्हा १९७४ साली तेथील प्राणिप्रेमी नागरिकांनी एक समिती स्थापिली. १९८० मध्ये सुमारे ४० चौरस मैलांचे क्षेत्र राखीव ठरले. परंतु त्यात खाजगी मालकीचे असंख्य लहान तुकडे होते. देणग्या जमवून समिती ते विकत घेत गेली. काही मालकांनी तर आपली जमीनच दान दिली.

भोवती कुंपण घातले गेले. डोमकावळ्यांना मात्र कुंपण कसले! वस्त्यांच्या उकिरड्यांवर पोसून त्यांची संख्या वाढली आहे. कासवाच्या पिलाचे कवच पहिली काही वर्षे मऊ असते. ते फोडून कावळे पिलू खातात. मादी अंडी घालण्याजोगी होण्यास मात्र बारा ते वीस वर्षे लागतात.