तोंडी अर्जाला मुदत नसते

आमच्या शेजारच्या काकू नवऱ्याच्या माघारी घराला वारस म्हणून स्वतःचे नाव लावून घ्यायला ग्रामपंचायतीत वर्षभर हेलपाटे घालत होत्या. कधी ग्रामसेवक पंचायत समितीच्या मीटिंगला गेलेले, तर कधी ‘पुढच्या मासिक सभेत घेऊ’ हे उत्तर. मग त्या ग्रामसेवकांची बदली झाली. मी काकूंबरोबर गेलो, तेव्हा नव्या ग्रामसेवकांनी आवक नोंदवही उघडून पानन्‌पान दाखवले. काकूंच्या नावाची एक ओळही तिथे नव्हती. मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती, सगळे त्यांनी हातात दिले होते; पोच मात्र कुणी दिली नव्हती.

एकेका ग्रामसेवकाकडे (आता या पदाचे नाव ‘ग्रामपंचायत अधिकारी’) दोन-तीन गावांचा कारभार असतो. घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूच्या नोंदी, योजनांची ऑनलाइन माहिती, सगळे त्यालाच बघावे लागते. अशा गर्दीत नोंद नसलेले काम मागे पडते आणि बदली झाली की पुसलेच जाते. म्हणून आता कुणीही विचारले, की मी हेच सांगतो.

अर्ज दोन प्रतींत लिहा आणि जोडलेल्या कागदांची यादी अर्जातच द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. विषय मासिक सभेत गेला असेल, तर ठरावाची नक्कल मागा.

जन्म-मृत्यूचे दाखले, नमुना 8 चा उतारा यांसारख्या सेवा 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली येतात. त्यांची मुदत आणि अपील अधिकारी कार्यालयातल्या फलकावर लिहिलेले असले पाहिजेत. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला, तर 30 दिवसांत पहिले अपील करा. कारण नसताना सेवा रखडवणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. अपील म्हणजे भांडण नव्हे, गावात वाईटपणा येईल म्हणून कचरू नका. इतर कामांसाठी माहिती अधिकारात 10 रुपये भरून ‘माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली?’ एवढेच विचारा. याचे उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते.

आणि पंचायतीच्या सदस्यांना कळकळीची विनंती. दर मासिक सभेत प्रलंबित अर्जांची यादी तारखेनिशी वाचायला लावा. काकूंसारख्या बाईला दाद मागायला कुणाला सोबत न्यावे लागू नये, ही जबाबदारी तुमची आहे.