दोन पदव्यांचं एक बिल

24 आणि 24 मिळून किती? ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात याचं उत्तर 32 असं असतं. तिथली साधी पदवी तीन वर्षांची आणि साधारण 24 विषयांची. क्रिमिनॉलॉजी म्हणजे गुन्हेगारीशास्त्र आणि सायबर सिक्युरिटी या दोन पदव्या वेगवेगळ्या घेतल्या तर सहा वर्षं आणि 48 विषय होतात. डबल डिग्री म्हणून घेतल्या तर एकीचे ऐच्छिक विषय दुसरीच्या सक्तीच्या विषयांनी भरले जातात आणि चार वर्षांत, 32 विषयांत दोन्ही प्रमाणपत्रं हाती पडतात. मेलबर्नच्या डीकिन विद्यापीठात ही नेमकी जोडी आहे. एजंटच्या ऑफिसात ती ‘दोन वर्षांची बचत’ म्हणून विकली जाते. बचत खरी आहे, पण दोन पदव्या हव्याच असतील त्याच्यासाठी. ज्याचं काम एका पदवीत भागतं, त्याच्यासाठी ती एका वर्षाची वाढ आहे. हा सगळा हिशेब त्या एका वर्षाभोवती फिरतो.

पुढचे सरकारी दर 2025 च्या मध्याचे आहेत. फी आणि राहणीचे आकडे अंदाजाचे आहेत, आणि सोयीसाठी ऑस्ट्रेलियन डॉलर 60 रुपयांना धरला आहे. तुमच्या बँकेचा त्या दिवसाचा भाव घालून गणित पुन्हा मांडा.

आधी एक गैरसमज. क्रिमिनॉलॉजी म्हणजे फॉरेन्सिक सायन्स नव्हे. टीव्हीवरच्या ‘सीआयडी’त दिसते तशी प्रयोगशाळा इथे नाही. गुन्हा का घडतो, पोलीस आणि तुरुंग कसे चालतात, शिक्षेने काय साधतं, पीडिताचं काय होतं, असा हा समाजशास्त्राच्या घराण्यातला अभ्यास आहे. त्यात वाचन भरपूर आणि निबंध त्याहून जास्त. बारावी सायन्सला गणित-फिजिक्स घोकलेल्या मुलाला नेटवर्क आणि क्रिप्टोग्राफी झेपते. दोन हजार शब्दांचा संदर्भांसह निबंध लिहिताना मात्र घाम फुटतो. हे इथेच सांगतोय, कारण विषय राहिला की त्याचेही पैसे पडतात.

ते किती? परदेशी विद्यार्थ्याला अशा अभ्यासक्रमाची फी विद्यापीठानुसार वर्षाला साधारण 35 ते 45 हजार डॉलर येते. आपण 40 हजार धरू. वर्षाला आठ विषय, म्हणजे एका विषयाचे 5 हजार डॉलर, 3 लाख रुपये. नापास झालात तर तो विषय पुन्हा पूर्ण पैसे भरून घ्यावा लागतो. आपल्याकडच्या एटीकेटीच्या परीक्षा फीशी त्याची तुलनाच नको. यावर उपाय एकच, ‘सेन्सस डेट’. प्रत्येक टर्म सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी ही तारीख येते. तिच्याआधी विषय सोडला तर त्याची फी लागत नाही, दुसऱ्या दिवशी सोडला तर पूर्ण लागते. फक्त सोडण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षाला विचारा, कारण व्हिसावर असलेल्याला अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत संपवावा लागतो.

ऑफर लेटरवरचा आकडा नीट वाचा. मोठ्या अक्षरात पहिल्या वर्षाची फी असते आणि ती दरवर्षी वाढते. पाच टक्के वाढ धरली तर 40,000, मग 42,000, मग 44,100, मग 46,305. चार वर्षांची बेरीज 1 लाख 72 हजार 405 डॉलर. पहिल्या वर्षाला चाराने गुणणाऱ्या पालकाच्या हिशेबात इथेच साडेसात लाख रुपये कमी पडतात.

आता राहणं. मेलबर्नमध्ये भाडं आठवड्याचं सांगतात. ‘अडीचशे’ ऐकून आपण चाराने गुणतो आणि महिन्याला हजार म्हणतो. पण वर्षात आठवडे 52, म्हणजे 13 हजार. विद्यापीठाच्या आसपास इतरांसोबतच्या घरात एक खोली दोनशे ते तीनशे डॉलरच्या दरम्यान मिळते, आणि साधारण एका महिन्याचं भाडं अनामत ठेवावं लागतं. किराणा आठवड्याला शंभरेक; डाळ-तांदूळ-मसाले भारतीय दुकानात सहज मिळतात, बाहेरचं जेवण मात्र बजेट खातं. रेल्वे-ट्रामची सवलत परदेशी पदवी विद्यार्थ्याला आपोआप मिळत नाही. विद्यापीठ ‘आययूज’ पासच्या योजनेत असेल तर वार्षिक ‘मायकी’ कार्ड निम्म्या किमतीत मिळतं. प्रवेशाच्या आठवड्यातच विचारून घ्या. सगळं धरून काटकसरीने वर्षाला 25 हजार डॉलर लागतात. व्हिसासाठी सरकार यापेक्षा जास्त, 29,710 डॉलर एवढी वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवायला सांगतं. ऑक्टोबर 2023 च्या आधी हीच रक्कम 21,041 होती.

निघण्याआधीचा खर्च त्यामानाने लहान, पण तो बहुतेक परत न मिळणारा. विद्यार्थी व्हिसाची फी जुलै 2024 मध्ये 710 वरून 1,600 डॉलर झाली आणि जुलै 2025 पासून 2,000. म्हणजे 1 लाख 20 हजार रुपये, आणि व्हिसा नाकारला तरी ते गेले. इंग्रजीच्या परीक्षेचे सतरा-अठरा हजार. अभ्यासक्रमाच्या पूर्ण काळाचा सक्तीचा आरोग्य विमा आधीच काढावा लागतो, चार वर्षांचा साधारण 3 हजार डॉलर. शिवाय वैद्यकीय तपासणी, सीएचा दाखला, विमान. लॅपटॉप घेताना दिखाऊपणावर पैसे घालू नका. सायबरच्या प्रात्यक्षिकांत एकाच यंत्रात दोन-तीन आभासी यंत्रं चालवावी लागतात, तेव्हा 16 जीबी रॅम ही किमान गरज समजा.

एजंट ‘आमची सेवा मोफत’ म्हणतो, ते खरं असतं. त्याला कमिशन विद्यापीठ देतं. म्हणूनच तो ज्या विद्यापीठांशी बांधलेला आहे तीच त्याच्या यादीत असतात, आणि लांबचा अभ्यासक्रम त्याला वाईट वाटत नाही. त्याच्यावर रागावू नका, पण वर्षं किती घ्यायची हे त्याला विचारून ठरवू नका.

सगळी बेरीज: फी 1 लाख 72 हजार, राहणं 1 लाख, विमा-व्हिसा-प्रवास धरून एकूण 2 लाख 80 हजार डॉलरच्या घरात. रुपयांत 1 कोटी 68 लाख. डॉलर एका रुपयाने चढला की त्यात 2 लाख 80 हजारांची भर. यातलं एकट्या चौथ्या वर्षाचं ओझं म्हणजे 46,305 फी, 25 हजार राहणं आणि थोडा विमा: 72 हजार डॉलर, 43 लाख रुपये.

या 43 लाखांत काय मिळतं? क्रिमिनॉलॉजीची पदवी. तिला साहजिकच बोलावणाऱ्या नोकऱ्या कोणत्या, तर ऑस्ट्रेलियन फेडरल पोलीस, गुप्तवार्ता संस्था एएसआयओ, सायबर संरक्षण पाहणारं सिग्नल्स डायरेक्टोरेट. या सगळ्यांना ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व लागतं, कारण सुरक्षा मंजुरी त्याशिवाय होत नाही. व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांत शिरायलाही किमान कायमस्वरूपी वास्तव्याचा हक्क, म्हणजे पीआर, लागतो. विद्यार्थी व्हिसावर पदवी घेतलेल्या पुण्या-नागपूरच्या मुलासाठी त्या दिवशी ही दारं बंद असतात. माहितीपत्रकात ‘करिअरच्या संधी’खाली ती पहिल्या ओळीत छापलेली असतात, हे मला खटकतं.

खासगी क्षेत्र उघडं आहे. 2022 च्या सप्टेंबरात ऑप्टस आणि ऑक्टोबरात मेडीबँक या दोन कंपन्यांमधून प्रत्येकी 90 लाखांहून अधिक लोकांची माहिती चोरीला गेली, तेव्हापासून तिथल्या संचालक मंडळांना सायबर हा शब्द नीट ऐकू येतो. बँकांचे फसवणूक-शोध विभाग, मनी लाँडरिंगविरोधी तपासणी, सल्लागार कंपन्या यांना माणसाची आणि यंत्राची अशी दोन्ही बाजूंची समज असलेले लोक हवे असतात. मनी लाँडरिंगविरोधी कायदा जुलै 2026 पासून वकील, हिशेबनीस आणि घरांचे दलाल यांनाही लागू करायचं ठरलं आहे. तेव्हा जोडीला अर्थ नाही असं मी म्हणत नाही. पण या नोकऱ्यांना सायबरची पदवी आणि क्रिमिनॉलॉजीचे सहा-आठ विषय पुरतात, आणि ते तीन वर्षांच्या सायबर पदवीत ऐच्छिक म्हणून घेता येतात. माझं मत विचाराल तर परदेशी विद्यार्थ्याने हेच करावं.

शिक्षणानंतर थांबण्याचं गणितही चौथ्या वर्षाच्या बाजूने नाही. पदवीनंतरचा 485 व्हिसा पदवीधराला दोन वर्षांचा मिळतो, मग पदवी एक असो की जोडी. भारतीयांना व्यापार कराराच्या सवलतीमुळे मास्टर्सनंतर तीन वर्षांपर्यंत मिळतो. म्हणजे जास्तीचं वर्ष द्यायचंच असेल, तर ते मास्टर्सच्या खात्यात टाकलेलं बरं.

तरीही डबलच घ्यायची असेल तर एक खाच ओळखून ठेवा. सुरुवातीची वर्षं विषय निम्मे-निम्मे चालतात. तिसऱ्या वर्षाअखेर 24 विषय पूर्ण होतात खरे, पण बारा इकडचे आणि बारा तिकडचे. त्यात एकही पदवी बसेलच असं नाही. सोडायची तर पहिल्या वर्षाअखेर सोडा.

‘मुलगा तिथे कमावेल’ या वाक्यावर किती भार टाकावा? टर्म चालू असताना पंधरवड्याला 48 तास काम करता येतं. तात्पुरत्या (कॅज्युअल) कामाचा किमान दर तासाला 31 डॉलरच्या आसपास, किमान वेतन 24.95 अधिक पंचवीस टक्के. अभ्यास सांभाळून आठवड्याला पंधरा तास मिळाले तर साडेचारशेच्या वर डॉलर येतात. भाडं आणि किराणा त्यातून निघतो, फी नाही. पहिले तीन-चार महिने तर काम मिळेल असं धरूच नका.

फी कर्जातून येते, आणि कर्जाला चौथं वर्ष फार आवडतं. दरवर्षी 25 लाख उचलले आणि व्याज 10.5 टक्के सरळ धरलं, तर तीन वर्षांच्या शेवटी 75 लाखांवर 15 लाख 75 हजार व्याज साचतं. चार वर्षांच्या शेवटी 1 कोटीवर 26 लाख 25 हजार. पहिला हप्ता अजून सुरू व्हायचा आहे! शिकत असतानाच व्याज भरत राहणं जमलं तर जरूर करा. आयकरात या व्याजाची कलम 80ई खाली वजावट आठ वर्षं मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. खिशातले पैसे पाठवणार असाल तर आर्थिक वर्षात 10 लाखांच्या पुढे बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते (2025-26 मध्ये 5 टक्के); बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही. कापलेला टीसीएस विवरणपत्र भरताना वळता होतो, पण तोवर रक्कम अडकते. म्हणून फी मार्च आणि एप्रिल अशी दोन आर्थिक वर्षांत विभागता येते का, ते पाहा.

शिष्यवृत्तीबाबत निराशाच आहे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भरीव मदत करते, पण पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडीसाठी. परदेशातल्या पहिल्या पदवीला नाही. विद्यापीठं स्वतः भारतीयांना फीत काही टक्के सूट देतात. ती पहिल्याच वर्षापुरती की चारही वर्षं, आणि किती गुणांवर टिकते, हे लेखी मागा.

इथेच शिकण्याचा मार्ग पुष्कळ स्वस्त आहे. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय गांधीनगरला आणि एक परिसर गोव्यात फोंड्याजवळ आहे. सायबर सिक्युरिटीचा पाच वर्षांचा बीटेक-एमटेक आणि क्रिमिनॉलॉजीचं एमए या दोन्ही गोष्टी त्या विद्यापीठात आहेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला राज्याच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. 2022 पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे: वर्गांच्या वेळा आड येत नसतील तर दोन्ही प्रत्यक्ष, किंवा एक प्रत्यक्ष आणि एक दूरस्थ. डीकिनने 2024 मध्ये गुजरातमधल्या गिफ्ट सिटीत परिसर उघडला, पण तिथे सायबरचं मास्टर्स आहे, ही जोडपदवी नाही. इथे पदवी करून मास्टर्सला बाहेर गेलात तर वर सांगितलेली शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि तीन वर्षांचा व्हिसा ही दोन्ही दारं उघडतात.

राहिली मेलबर्न-सिडनीत स्थायिक झालेली मराठी घरं. त्यांचं गणित पूर्ण उलटं. सरकारी अनुदानाच्या जागेवर 2025 मध्ये वर्षाचा वाटा संगणकाच्या विषयांना 9,314 डॉलर, तर समाजशास्त्रीय गटाला, ज्यात क्रिमिनॉलॉजी येते, 16,992. दोन-दोन वर्षं धरली तर डबल डिग्री 52,612 डॉलरला पडते. नुसती सायबर 27,942 ला. महाग अर्धं गुन्हेगारीशास्त्राचं, पण बाहेरून आलेल्याला बंद असलेली दारं या घरातल्या नागरिक मुलीला उघडी आहेत, म्हणून तिने जोडी घेणं मला पटतं. नागरिकाला हा वाटा सरकारी कर्जावर टाकता येतो आणि परतफेड 2025-26 मध्ये 67 हजारांच्या वर उत्पन्न गेल्यावरच सुरू होते. पीआर असलेल्याला जागा त्याच दरात मिळते, कर्ज नाही. प्रत्येक टर्मचे पैसे रोख. नागरिकत्वाचा अर्ज मंजूर झाला असेल तर शपथविधीची तारीख आणि टर्मची सेन्सस डेट शेजारी-शेजारी ठेवून पाहा. शपथ सेन्सस डेटच्या दुसऱ्या दिवशी झाली, तर त्या टर्मची फी खिशातूनच जाते.