राखणीच्या कुत्र्याचें पिलूं व त्याचा आहार

वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्यास कुत्रें ही हौसेची वस्तु नसून गरजेची आहे. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर या बाजूस उंसांत बिबट्यानें ठाण मांडल्यापासून तर रात्रीं गोठ्याची भिस्त बरीचशी कुत्र्याच्या भुंकण्यावरच असते. असें असतां, बैल घेतांना दांत पाहणारा व कालवडीच्या पेंडीचा हिशेब ठेवणारा गृहस्थ पिलास मात्र शिळ्या भाकरीवर व पातळ ताकावर वाढवितो, आणि तें रोड निघालें म्हणजे जातीस दोष देतो.

हा प्रमाद आमच्याही हातून घडला आहे. नोकरीतून निवृत्त होऊन मळ्यांत राहावयास आलों तेव्हां एका धनगराकडून चांगलें हाडापेराचें पिलूं आणलें. भाकरी व ताक दोन वेळ पोटभर घालीत होतों. चौथ्या महिन्यांत त्याचे पुढचे पाय धनुष्यासारखे वांकले व पोट घागरीसारखें फुगलें. मुलांच्या मुडदुसास ऊन चांगलें, म्हणून आम्ही त्यास रोज सकाळीं उन्हांत बांधूं लागलों. पशुवैद्यांनीं हें ऐकून सांगितलें कीं, माणसाची कातडी उन्हांत ‘ड’ जीवनसत्त्व तयार करते, कुत्र्याची कातडी तें पुरेसें करूं शकत नाहीं. तें त्याच्या अन्नांतूनच गेलें पाहिजे. आहार बदलल्यावर पाय पुष्कळ सुधारले, पण पुरते सरळ झाले नाहींत ते नाहींतच.

भाकरी वाईट असें आमचें म्हणणें नाहीं. कुत्रा लांडग्याच्या कुळांतला खरा. परंतु माणसाच्या संगतींत पिष्टमय अन्न पचविण्याची शक्ति त्याच्या ठिकाणीं वाढली, असें २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें आहे. मात्र नुसत्या भाकरीवर वाढत्या अंगाचें भागत नाहीं. पिलूं ३-४ आठवड्यांचें झालें म्हणजे आईच्या दुधाबरोबर मऊ कालविलेलें अन्न चाटावयास द्यावें. ८ आठवड्यांच्या आंत आईपासून तोडूं नये. पुढें ३ महिन्यांपर्यंत दिवसांतून ४ वेळां, ६ महिन्यांपर्यंत ३ वेळां व नंतर २ वेळां खावयास घालावें. भाकरी कुस्करून तींत उकडलेलें अंडें, शिजविलेलें मांस किंवा मासळी, व मधूनमधून थोडें शिजविलेलें काळीज मिसळावें. दूध फार पाजल्यास पुष्कळ पिलांस हगवण लागते. त्यापेक्षां दही सोसतें. नुसतें मांस घातल्यानेंही हाडें वांकतात, कारण त्यांत कॅल्शियम फार थोडें असतें. कॅल्शियमची पूड किती द्यावी हें पशुवैद्यांस विचारावें. अधिक झाल्यासही हाडें बिघडतात. ज्यांच्या घरीं अंडें-मांस चालत नाहीं त्यांनीं पिलांसाठीं बाजारांत मिळणारें तयार खाद्य आणावें. महाग पडलें तरी तें थोड्या महिन्यांपुरतेंच आहे. बरगड्या हातास लागाव्या, पण डोळ्यांस दिसूं नयेत, इतपत अंग असावें.

आतां आमच्या कांद्याच्या मुलखास विशेष सांगावयाचें तें हें कीं, कांदा व लसूण, कच्चा असो वा शिजलेला, कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी नष्ट करतो. म्हणून उरलेलें कालवण पिलाच्या भाकरीवर ओतूं नये. द्राक्षें व बेदाणे यांनीं मूत्रपिंडें बिघडतात. शिजविलेल्या हाडाच्या कपच्या आंतड्यांत रुततात.

मेंढरूं कापल्यावर त्याचें काळीज-फुप्फुस कच्चेंच कुत्र्यासमोर फेंकण्याची चाल तर अगदीं सोडावी. त्यांत पुष्कळदां पाण्याचे फोड असतात. त्यांतून कुत्र्याच्या पोटांत बारीक पट्टकृमि वाढतात, त्यांची अंडीं विष्ठेवाटे अंगणांत पसरतात, आणि तेथें खेळणाऱ्या मुलाच्या काळजांत तसाच फोड वर्षानुवर्षें नकळत वाढत राहतो. असे अवयव खोल पुरावे किंवा जाळावे.

पोटांत जंत असल्यास चांगलें खाद्यही अंगीं लागत नाहीं. जंताचें औषध २ आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनीं, निदान तीन महिन्यांचें होईपर्यंत द्यावें. पहिली लस ६ ते ८ आठवड्यांच्या सुमारास व पिसाळ रोगाची तिसऱ्या महिन्यांत टोचतात. त्या वेळीं पिलाचें वजनही करून घ्यावें, कारण औषधाची मात्रा वजनावर ठरते.