अनुदान आणि आपल्या संस्थेचे कपाट

अनुदानाचा विषय कार्यकर्त्यांच्या बैठकीत निघाला की दोन मते हमखास ऐकू येतात. काहीजण म्हणतात, "वशिल्याशिवाय काही होत नाही." काहीजण म्हणतात, "सरकारचा पैसा नकोच, मिंधेपणा येतो." दोन्हींत थोडे तथ्य आहे. परंतु वीस वर्षे बँकेच्या काउंटरवर बसून संस्थांची खाती पाहिल्यावर आणि एका लहान वसतिगृहाचे कोषाध्यक्षपद सांभाळल्यावर माझे मत असे झाले आहे की, आपली अडचण याच्या कितीतरी आधी सुरू होते. ती आपल्याच कपाटात असते.

अनुदानाची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना अटींवर सरकारी मदत देण्याचे धोरण आणले. काम संस्थेचे, पैसा सरकारचा आणि तपासणीही सरकारची, ही वाटणी तेव्हापासूनची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. त्याला तेथील नगरपालिकेने मासिक मदत दिली. पुढे १९२८ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी निघाली व तिच्याकडे सरकारी मदतीची वसतिगृहे आली. ती मदत पुरेना, म्हणून बाबासाहेबांना इतरांकडे शब्द टाकावा लागला. मिळालेले अनुदान टिकेलच असेही नसते. १९४८ मध्ये तत्कालीन मुंबई सरकारने कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचे अनुदान बंद केले होते. गाडगेबाबांनी रदबदली केली, लोक बोलू लागले, तेव्हा ते पुन्हा मिळू लागले. एवढ्या मोठ्या संस्थेची ही कथा, मग आपली काय!

आता कपाटाकडे वळू. आपल्या बहुतेक संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. कार्यकारी मंडळ बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. सगळे त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. आमच्याकडे अध्यक्ष वारले, शोकसभा झाली, नवे अध्यक्ष निवडले, हार घातले, इतिवृत्ताच्या वहीत ठराव लिहिला. चेंज रिपोर्ट मात्र कोणी दिला नाही. काही वर्षांनी प्रस्ताव करायला बसलो तेव्हा सरकारी परिशिष्टात सात विश्वस्तांपैकी दोघे दिवंगत आणि एक गाव सोडून गेलेले! केंद्राच्या अनुदानासाठी दर्पण पोर्टलवर नोंद लागते आणि तेथे पदाधिकाऱ्यांचा पॅन मागतात. दिवंगतांचा पॅन कोठून आणायचा?

मग मृत्यूचे दाखले, जुन्या सभांच्या नोटिसा, विलंब माफीचा अर्ज, वकिलांची फी. त्यात वर्ष गेले आणि त्या वर्षीचा प्रस्तावही गेला.

नावाचा घोळ निराळाच. नोंदणीपत्रात 'शिक्षण प्रसारक मंडळ', पॅनवर 'शिक्षण प्रसार मंडळ' आणि पासबुकावर नुसतेच 'शि. प्र. मंडळ'. माणसाला हे एकच वाटते, संगणकाला या तीन संस्था वाटतात. खाते मी स्वतः काढून दिले होते, हे येथे कबूल करतो.

ही तपासणी उगाच नाही. कागदावरच्या मुलांच्या नावाने पैसे उचलणारी वसतिगृहे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांच्यामुळे खऱ्या मुलांचे ताट अडते, याचा राग सरकारवर काढून कसे चालेल?

परंतु सर्वात कठीण भाग पुढेच आहे. मुले जूनमध्ये येतात आणि त्याच दिवशी जेवतात. प्रस्ताव, तपासणी, शिफारस, मंजुरी असे होत पैसा कित्येकदा मार्चअखेरीस खात्यावर पडतो. पुढच्या हप्त्यासाठी आधीच्या पैशाचे उपयोगिता प्रमाणपत्र लागते. आमचे एका वर्षी अठराशे रुपयांवरून अडले. अनुदानाच्या रकमेवर बचत खात्यात जे व्याज जमा झाले, त्यातून आम्ही विजेचे बिल भरले. २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांप्रमाणे केंद्राने आगाऊ दिलेल्या अनुदानावरचे व्याज सरकारला परत करायचे असते. मी बँकेत असून मला हे ठाऊक नव्हते!

त्या वर्षी पाच महिने अधीक्षकांचा पगार थकला. स्वयंपाक करणाऱ्या मावशी मानधनाविना येत राहिल्या. किराणा दुकानदार भला माणूस, पण तोही म्हणाला, "भाऊसाहेब, तुमचं अनुदान येईल तेव्हा येईल, माझा डाळीचा व्यापारी थांबत नाही." आम्ही सकाळचा नाश्ता बंद केला. दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन मुले परतली नाहीत, आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. त्यातला एक आठवीत पहिला आला होता. हप्ता शेवटी आला, पूर्ण आला. तो मुलगा आला नाही.

तेव्हापासून आम्ही दरमहा पन्नास रुपयांची वर्गणी सुरू केली आहे. ती वेगळ्या खात्यात ठेवतो. तीन महिन्यांचा किराणा भागेल एवढी रक्कम त्यात कायम असावी, असा ठराव आहे. अद्याप दोनच महिन्यांची जमली आहे. अनुदानातून घेतलेल्या खाटा व भांडी यांची नोंदवही निराळी केली. व्याजाची नोंद पासबुक भरून आले की लगेच लाल शाईने करतो. वार्षिक सभा झाली की चेंज रिपोर्टचा मसुदा त्याच बैठकीत लिहून सह्या घेतो. चहा त्यानंतर.

ज्या मंडळांचे बदल अर्ज राहून गेले असतील, त्यांच्या चिटणीसांनी रविवारी सकाळी मला अवश्य भेटावे. येताना इतिवृत्ताची वही आणि मूळ नोंदणीपत्र आणावे. झेरॉक्स चालणार नाही.