सामूहिक साधनेत कुणी बोलत का नाही?

प्रश्न : गेल्या वर्षी इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. तेव्हापासून आमच्या भागातल्या साप्ताहिक सामूहिक साधनेला जातो. तासभर बसतो, उठतो, चपला घालतो, घरी येतो. शेजारी बसणाऱ्या गृहस्थांचं नावही मला ठाऊक नाही. एकदा पत्नीला बरोबर नेलं, तर 'शिबिर झालंय का?' असं विचारून तिला नम्रपणे परत पाठवलं. माझी मुलगी कॅलिफोर्नियात असते. तीही तिथल्या एका विपश्यना मंडळात जाते. तिथे कुणीही यावं, बसावं. मग प्रवचन, प्रश्नोत्तरं, चहा, अधूनमधून घरून पदार्थ नेऊन एकत्र जेवण. दोन्हीकडे विपश्यनाच, मग एवढा फरक का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : गंमत अशी, की तुमची बैठक आणि मुलीचं मंडळ एकमेकांचे नातेवाईक आहेत. सत्यनारायण गोयंका 1969 साली बर्मातून भारतात आले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत त्यांनी पहिलं शिबिर घेतलं. 1971 च्या जानेवारीत बोधगयेला त्यांचं शिबिर झालं, त्यात शेरॉन साल्झबर्ग नावाची अठरा वर्षांची अमेरिकन मुलगी बसली होती. जोसेफ गोल्डस्टीन हा तरुण तर आधीपासूनच बोधगयेत अनागारिक मुनींद्र यांच्याकडे शिकत होता. पुढे या दोघांनी जॅक कॉर्नफील्ड यांच्या साथीने मॅसॅच्युसेट्समधल्या बॅरी गावात एका जुन्या कॅथलिक मठाच्या इमारतीत 'इनसाइट मेडिटेशन सोसायटी' सुरू केली. ते साल 1976. त्याच वर्षी इगतपुरीच्या धम्मगिरीवरही शिबिरं सुरू झाली. तुमच्या वर्णनावरून मुलीचं मंडळ बॅरीच्या या घराण्यातलं दिसतं.

फरक पडला तो गुरूंच्या संख्येमुळे. गोयंकाजींचे गुरू एकच, सयाजी ऊ बा खिन. हे गृहस्थ बर्मा सरकारचे अकाउंटंट जनरल होते आणि कचेरीतल्या माणसांनाही साधना शिकवायचे. (हिशेबनीस माणसाच्या हाताखाली तयार झालेल्या परंपरेत वेळापत्रक इतकं चोख का, हा प्रश्न मला तरी पडत नाही.) त्यांच्याकडून आलेली पद्धत जशीच्या तशी पुढे जावी, असा गोयंकाजींचा कटाक्ष होता. म्हणून नाशिक असो की नैरोबी, शिकवणारा आवाज ध्वनिमुद्रणातून त्यांचाच येतो आणि सहायक आचार्य फक्त शंका निरसतात. अमेरिकन मंडळींचं तसं नव्हतं. मुनींद्र आणि त्यांच्या शिष्या दीपा मा यांच्याकडून त्यांना बर्मी भिक्खू महासी सयाडो यांची पद्धत मिळाली होती. त्यात पोटाच्या हालचालीकडे लक्ष, मनात उठेल त्याची नोंद आणि सावकाश चालत करायचं ध्यान असतं. कॉर्नफील्ड तर थायलंडच्या अरण्यातून, आचार्य छा यांच्याकडून आलेले. एवढे प्रवाह एकत्र आल्यावर बोलल्याशिवाय, विचारल्याशिवाय कसं चालेल? त्यामुळे त्यांच्या मंडळांत प्रवचन आणि चर्चा यांना बैठकीइतकंच महत्त्व आलं.

आता दाराबद्दल. सामूहिक साधनेत त्या तासात शिकवलं जात नाही. दहा दिवसांत पहिले तीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना, दहाव्या दिवशी मैत्रीभावना, म्हणजे सर्वांचं मंगल चिंतणं, असा जो पाया पडतो तो तुमच्याकडे आहे असं धरूनच ती बैठक असते. तो पाया नसलेल्या माणसाने डोळे मिटून तासभर काय करायचं? बहुधा गुडघे मोजायचे. अनेकांना हा नियम तुसडा वाटतो, मला तो योग्य वाटतो. 'मजा नाही आली' म्हणून कायमचं पाठ फिरवण्यापेक्षा हे बरं. दानाचंही तसंच. ज्याने एक शिबिर पुरं केलेलं नाही त्याच्याकडून पैसे घेत नाहीत, कारण आधी घेतले तर ती फी होते. कॅलिफोर्नियातही पुष्कळ ठिकाणी दानावरच चालतं. रेडवुड सिटीचं गिल फ्रॉन्सडाल यांचं केंद्र त्यासाठी ओळखलं जातं. तिथे मात्र नवखासुद्धा दान देऊ शकतो.

मात्र तुम्ही ज्याला मुकता आहात ती सोबत आहे, आणि ती त्या तासात शोधू नका. एकदिवसीय शिबिराला जा. त्याहून चांगलं म्हणजे दहा दिवसांच्या शिबिरात धम्मसेवा द्या. पहाटे चारच्या घंटेपासून नवख्या साधकांची काळजी घ्यायची, भाज्या चिरायच्या, ताटं वाढायची आणि दिवसातून तीन वेळा त्यांच्याबरोबर बसायचं. तिथे कामापुरतं का होईना, बोलावंच लागतं. बसून न उमगलेला आपला स्वभाव स्वयंपाकघरात उमगतो, असं सेवा देऊन आलेले सांगतात. दहा दिवस एकाच पातेल्याला चार हात लागले की नावं आपोआप कळतात. शिवाय साप्ताहिक बैठकीनंतर चपला घालताना शेजाऱ्याचं नाव विचारायला कुठल्याही नियमाची आडकाठी नाही. साधनेतले अनुभव मात्र एकमेकांना सांगत बसू नये, ते आचार्यांना विचारावेत. नाहीतर 'मला प्रकाश दिसला, तुम्हाला?' अशी चढाओढ लागते.

पत्नीचा प्रश्न वेगळा. दहा दिवस घर सोडणं बाईमाणसाला किती अवघड असतं, हे शिबिराच्या अर्जावर छापलेलं नसतं. दरम्यान मुंबईला गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोड्यात येणाऱ्या पाहुण्यांना थोडा वेळ आनापान, म्हणजे श्वासाचं ध्यान शिकवतात. त्यासाठी शिबिराची अट नाही. आणि खुलं दार हवंच असेल, तर त्यासाठी कॅलिफोर्नियाला जायची गरज नाही. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात गावोगावी जी बुद्धविहारं उभी राहिली, तिथे वंदनेला कुणीही जाऊन बसावं. संघरक्षितांच्या त्रिरत्न बौद्ध महासंघाच्या केंद्रांत नवख्यांना आनापानसती आणि मैत्रीभावना शिकवतात. पुण्यात दापोडीला त्यांचं मोठं विहार आहे. तिथे माणसं बोलतात, भांडतात, एकत्र जेवतात. विपश्यनेवर लिहिताना हे शेजारचं घर आपल्याकडे बरेचदा विसरलं जातं.

मुलीकडे गेलात तर तिच्या मंडळात जरूर जा. प्रवचन ऐका, जेवायला थांबा. चालण्याचं ध्यान सुरू झालं तर चाला, पण घरी परतल्यावर दोन्ही पद्धतींची खिचडी करू नका. गोयंकाजींच्या परंपरेत त्याची स्पष्ट मनाई आहे आणि पुढच्या शिबिराच्या अर्जात दुसरी कुठली साधना करता का, हे विचारलेलं असतं. तिथे खरं ते लिहा. आणि एकत्र जेवणाला काय न्यायचं, ते मात्र मुलीलाच विचारा. साबुदाण्याची खिचडी नेणार असाल तर शेंगदाण्याचं आधी सांगा, तिकडे त्याची ॲलर्जी असणारी माणसं बरीच असतात.