कमी शक्तीचे यंत्र का जिंकले?

२००६ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘वी’ हा व्हिडिओ-खेळांचा संच बाजारात आणला. ‘प्लेस्टेशन ३’ व ‘एक्सबॉक्स ३६०’ हे प्रतिस्पर्धी गणनशक्तीत कितीतरी पुढे होते. तरीही ‘वी’चे १० कोटींवर संच खपले, त्या दोघांना हा आकडा गाठता आला नाही. असे का व्हावे?

‘वी’च्या हातात धरायच्या नियंत्रकात त्वरणमापक होता. त्यात सूक्ष्म स्प्रिंगांवर इवलेसे वस्तुमान तोललेले असते. हात हलताच जडत्वामुळे ते मागे राहते, विद्युतधारिता बदलते आणि त्यावरून त्वरण कळते. त्यामुळे टेनिससाठी बटणे पाठ करायला नकोत. हात फिरवला की पुरे! शिवाय किंमतही कमी. आजी-नातवंडे एकत्र खेळू लागली. खेळणारे वाढले, म्हणून खप वाढला.

आता सांगा : नियंत्रक टेबलावर स्थिर ठेवला, तर त्वरणमापक शून्य दाखवील का?